चौरागडाच्या पायऱ्या

(नभोवाणीवरील भाषण)

डोंगर चढताना पुढे कोणी चालावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. ज्याचे पाय भक्कम आणि ज्याला वाट ठाऊक, त्याने पुढे व्हावे व इतरांनी त्याच्या मागून यावे, असे उत्तर आपण सगळेच देऊ. गेल्या माघ महिन्यापर्यंत मीही तेच दिले असते. पचमढीजवळच्या चौरागडाच्या वाटेवर मला ते उत्तर बदलावे लागले. ते कसे, एवढेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

आम्ही चौघे मित्र इंदूरचे. मैत्री शाळेतल्या बाकापासूनची, आणि आता चौघांनीही साठी ओलांडलेली. एक वकील, एक इंजिनिअर, एक शाळामास्तर आणि चौथा मी. वर्षातून एक दिवस तरी संसार घरी ठेवून कोठेतरी पायी भटकून यावयाचे, हा आमचा जुना नेम. मांडवगड झाला, जानापावची टेकडी झाली. या खेपेस चौरागडाचे ठरले, त्याला कारण मीच. पंचविशीत मी एकदा तेथे जाऊन आलो होतो, आणि त्या चढाईची हकीकत मित्रांना इतक्या वेळा ऐकविली होती की, ती त्यांना माझ्यापेक्षाही चांगली पाठ झाली होती.

एक अडचण होती. तीन वर्षांपूर्वी आमच्या वकिलाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविण्यात आला होता. त्याने रीतसर आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतला, आणि त्यांनी परवानगी दिली. मात्र ती अटींसह दिली. सावकाश चढावे, दम लागताच थांबावे, चालता चालता बोलता येईनासे झाले तर खाली बसावे, आणि छातीत काहीही वावगे वाटल्यास तेथूनच परतावे. वकील तो वकीलच! त्याने या अटी कागदावर कलमवार उतरविल्या आणि रात्रीच्या गाडीत आम्हांला वाचून दाखविल्या. आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. मान डोलावणे आणि लक्षात ठेवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे दुसऱ्या दिवशी कळले.

पिपरियाला गाडी सोडली की तेथून पचमढी पन्नासएक किलोमीटर. नर्मदेकाठचे सपाट रान मागे पडते आणि रस्ता सातपुड्यात शिरतो. आम्हां माळव्याच्या माणसांना काळ्या खडकाची सवय. आमची जमीन काळी, आमच्या घाटांचे आणि वाड्यांचे चिरे काळे. सह्याद्रीत गेले तरी तोच ज्वालामुखीतून निघालेला काळा पाषाण, आणि तेच पायरी-पायरीने चढत गेलेले डोंगर. पचमढीला ही ओळख तुटते. येथला खडक वाळूचा. वीस कोटी वर्षांहूनही पूर्वी प्राचीन नद्यांनी वाहून आणलेली वाळू थरावर थर साचून दगड झाली, आणि पुढे पाण्याने ती कापून काढली. त्यामुळे येथले कडे भिंतीसारखे उभे, लालसर-करडे, आणि त्यांच्यामधल्या दऱ्या विहिरीसारख्या खोल. याच गोंडांच्या मुलखावरून भूशास्त्रज्ञांनी या जातीच्या खडकांना गोंडवन हे नाव दिले, आणि पुढे एके काळी दक्षिण गोलार्धात एकत्र असलेल्या खंडांच्या समूहालाही गोंडवनभूमी हेच नाव पडले. म्हणजे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका यांना एका घरात आणणारे नाव आपल्या शेजारच्या डोंगरांतून गेले आहे.

ब्रिटिशांच्या कागदपत्रांत पचमढीचा 'शोध' कॅप्टन जेम्स फोर्साइथ या अधिकाऱ्याच्या नावे जमा आहे. तो १८६२ साली येथे आला, आणि त्याने बांधलेला बंगला आजही तेथे उभा आहे. परंतु गोंड आणि कोरकू लोक या डोंगरांत त्याच्या कितीतरी आधीपासून राहत होते, आणि महादेवाची यात्राही तेव्हा भरतच होती. जवळच्या बोरीच्या जंगलाला १८६५ साली राखीव वनाचा दर्जा मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या राखीव वनांत त्याची गणना होते. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्र सव्वापाचशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. बोरी व पचमढीची अभयारण्ये त्याला जोडून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि १९९९ मध्ये हा सारा परिसर जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करण्यात आला. या सर्व अरण्याच्या मधोमध महादेव डोंगरांची रांग आहे. तिच्यातला धूपगड साडेतेराशे मीटर उंच, सातपुड्यातले आणि साऱ्या मध्य प्रदेशातले सर्वोच्च शिखर. चौरागड त्याच्याहून थोडासाच ठेंगणा. पण धूपगडाच्या माथ्यापर्यंत मोटार जाते. चौरागडाला स्वतःच्या पायांनीच जावे लागते.

आम्ही गेलो ते महाशिवरात्रीला चार-पाच दिवस असताना. सकाळी आठाच्या सुमारास बडा महादेवाच्या गुहेपाशी पोहोचलो. गुहेच्या छतातून पाणी अखंड ठिबकत असते. बाहेर माघातली थंडी, आत दगडाचा ओला गारवा. तेथून थोड्या अंतरावर गुप्त महादेव. दोन कड्यांमधली ती एक चिंचोळी फट आहे. आडवे होऊन, खांदा पुढे करून सरकत आत जावे लागते. देहाने स्थूल असलेला आमचा इंजिनिअर मध्यभागी क्षणभर अडकला, तेव्हा मागच्या-पुढच्या सर्वांनाच थांबावे लागले. त्याला कोणी एक पाऊलही मागे टाकून जाऊ शकत नव्हते. तेव्हा आम्ही फक्त हसलो. त्या फटीने आम्हांला काही सांगितले होते, हे नंतर ध्यानात आले.

तेथून पुढे चौरागडाची वाट सुरू होते. प्रथम उतार-चढावाची पाऊलवाट आणि मग पायऱ्या. सगळ्या मिळून सुमारे तेराशे. आता यात्रेकरू भेटू लागले. त्यांत निम्म्याहून अधिक आपले मराठी लोक, अमरावती, नागपूर, वर्धा या बाजूंचे. नवस फेडावयाचा तो त्रिशूळ वाहून, ही येथली रीत. चौराबाबा नावाच्या तपस्व्याला महादेव प्रसन्न झाले आणि आपला त्रिशूळ येथे ठेवून गेले, त्याच्याच नावाने हा चौरागड, अशी आख्यायिका आहे. हातभर लांबीच्या त्रिशुळापासून चार-सहा माणसांनी खांदा द्यावा अशा जड त्रिशुळांपर्यंत सर्व काही या पायऱ्यांनी वर जाते. अनवाणी पाय, कपाळी भस्म, खांद्यावर लोखंड, आणि दर वळणावर 'हर हर महादेव' असा गजर.

पायऱ्यांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोकळ्या चढावर माणूस आपल्या शक्तीप्रमाणे पाऊल आखूड करू शकतो. वाट थोडी नागमोडी करून चढ सौम्य करून घेऊ शकतो. पायरीला ही सोय नाही. ती पंचविशीच्या तरुणाला जेवढी उंच, तेवढीच हृदयरोग्यालाही. चढणाऱ्याचे वय तिला ठाऊक नसते. ते सोबत्यांनीच ध्यानात ठेवावयाचे असते.

आम्ही ठेवले नाही. पहिल्या शंभर पायऱ्या चौघे बरोबर होतो. नंतर मला माझी पंचविशी आठवू लागली. पाय हलके वाटत होते, वारा थंड होता, आणि 'पुढच्या वळणावर दरी दिसते' असे मित्रांना सांगण्याचा मान माझा होता. इंजिनिअर माझ्याबरोबर निघाला. वळणावर थांबून आम्ही मागे पाहत असू. वकील आणि मास्तर खाली दिसत. ते दिसले की हात हालवून आम्ही पुढे निघत असू. आम्ही त्यांच्यासाठी थांबतो आहोत, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. परंतु त्यांनी आम्हांला गाठावे आणि आम्ही तत्क्षणी चालू लागावे, असा हा प्रकार होता. विश्रांती पुढच्यांना मिळत होती. मागच्यांच्या वाट्याला ती येतच नव्हती. डोंगर चढणाऱ्यांच्या टोळ्यांत हा अन्याय रोज घडतो, आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

एका वळणावर आम्ही थांबलो, पण खाली कोणी दिसेना. पाच मिनिटे झाली, दहा झाली. इंजिनिअर म्हणाला, "फोटो काढत असतील." मीही तसेच म्हणालो. पंधरा-वीस मिनिटांनी दर्शन घेऊन उतरणारा एक माणूस वरून आला. त्याला आम्ही खाली कोणी भेटल्यास निरोप द्यावयास सांगत होतो, तोच खालून चढणारी एक बाई म्हणाली, "तुमचाच मानूस हाय का जी थो? बसला हाय खाली. घाम आला हाय त्याले."

त्या उतरणीच्या पायऱ्या मी कशा उतरलो, हे मला आठवत नाही. एवढे आठवते की, त्या माझ्या पंचविशीचा मागमूसही उरला नव्हता.

वकील एका दगडाला टेकून बसला होता. अंगातला कोट काढलेला, चेहरा पांढुरका, आणि एवढ्या थंड वाऱ्यात कपाळावर घाम. मास्तर शेजारी बसून, मनगट धरून नाडी मोजत होता. छातीत दुखत नव्हते. दम मात्र पुरत नव्हता. डॉक्टरांनी दिलेली गोळी खिशात होतीच, आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे ती घेऊन झाली होती. अर्ध्या तासाने श्वास पुष्कळसा स्थिरावला आणि चेहऱ्यावर रंग आला. मग मी नको तो प्रश्न विचारला. म्हणालो, "अरे, दम लागला तेव्हाच थांबला का नाहीस? तुझ्याच कागदावर लिहिले होते ना?"

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दम पहिल्या तीनशे पायऱ्यांतच लागला होता. पण तुम्ही वर उभे राहून हात हालवीत होतात. तुमचा दिवस मोडावा असे वाटेना. आणि थांबा म्हणावयाचे तरी कोणाला? ऐकू जाईल इतक्या जवळ तुम्ही होतात कुठे?"

श्रोतेहो, मित्राने मला याहून कठोर शब्द कधी ऐकविलेले नाहीत, आणि हे त्याने अगदी हळू आवाजात ऐकविले. आजाराची भीती त्याला होतीच. पण त्याहून अधिक होती ती लाज. आपण मागे पडतो आहोत याची लाज. ती लाज त्याच्या मनात कोणी उत्पन्न केली? आमच्या भरभर चालण्याने. आम्ही त्याला एक शब्दही बोललो नव्हतो. पण नेहमी पुढे असणे हेही एक बोलणेच असते.

इतक्यात खालून एक मेळा चढत आला. पंधरा-वीस माणसे. चौघांच्या खांद्यावर एक मोठा त्रिशूळ. आणि सगळ्यांच्या पुढे एक वाकलेली म्हातारी, हातात काठी, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत चढणारी. ती थांबली की सारा मेळा थांबे. ती चालली की सारा मेळा चाले. खांद्यावर लोखंड घेतलेले तरणेताठे गडीही तिच्या मागून त्याच चालीने येत होते. आमच्यापाशी ती टेकली, तेव्हा मास्तरने मेळ्याच्या म्होरक्याला विचारले, "आजींना पुढे का ठेवता? मागून सावकाश आल्या तर बरे नाही का?"

तो माणूस हसला. म्हणाला, "माय समोर असली त कोनी मांगं राहत नाई जी. थे मांगं राह्यली का मंग तिले पाहाले कोन येते?"

अमरावतीकडच्या त्या शेतकऱ्याने दोन वाक्यांत जे सांगितले, ते आम्हां चौघा शिकलेल्यांना साठ वर्षांत सुचले नव्हते. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे घ्यावे. मग कोणी मागे पडूच शकत नाही, कारण मागे पडण्याला जागाच उरत नाही. त्याला धावावे लागत नाही, हाका माराव्या लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे लाजावे लागत नाही.

वकील म्हणाला, "तुम्ही तिघे जाऊन या रे. मी येथे बसतो. मला बरे वाटते आहे." खरे सांगावयाचे तर क्षणभर माझे मन वर ओढले गेले. माथा फार दूर नव्हता. मंदिराभोवती वर्षानुवर्षे वाहिलेल्या हजारो त्रिशुळांचे ते रान मला पुन्हा पाहावयाचे होते, आणि मित्रांना दाखवावयाचे होते. पण मास्तर उठला, आपली पिशवी खांद्याला लावली आणि खालच्या बाजूला तोंड करून उभा राहिला. कोणी काही बोलले नाही. आमचा निर्णय झाला.

एक नारळ मात्र वर वाहण्यासाठी आणला होता. म्हातारीने तो पाहिला आणि हात पुढे केला. "दे बाप्पा इकडं. मी चढवतो तुमच्या नावानं." वकिलाने नारळ तिच्या ओटीत घातला. तिने चौघांची नावे विचारून घेतली, दोनदा घोकली, आणि काठी टेकीत वर निघाली.

आम्ही उतरू लागलो. या वेळी वकील पुढे, त्याच्या मागे मास्तर, मग इंजिनिअर, आणि सर्वांत शेवटी मी. दर वीस पायऱ्यांना थांबा. आणि आता एक नवल घडले. सकाळी ज्या वाटेने चढून आलो होतो, ती जणू पहिल्यानेच दिसू लागली. पश्चिमेच्या अंगाला धूपगडाचा कडा उन्हात तांबूस झाला होता. खालच्या दरीत सालवृक्षांची दाटी होती. मध्य भारतातला साल आणि आमच्या ओळखीचा साग हे दोघेही या परिसरात भेटतात. एकाची सरळ, गडद खोडे आणि दुसऱ्याची माघात गळणारी ताटाएवढी पाने वकिलानेच आम्हांला बोटाने दाखविली. एका थांब्यावर डोक्यावर पाने सळसळली. पाहतो तो शेकरू! तांबडे-तपकिरी अंग, लांबलचक झुबकेदार शेपूट. या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेऊन ते आमच्याकडे रोखून पाहत बसले. सकाळी ते तेथे नसेल असे नाही. सकाळी आम्ही तेथे नव्हतो, कारण आमचे लक्ष पुढच्या पायरीवर होते. कड्याच्या ओलसर सावलीत नेचे उगवले होते. त्यांच्या मुळांतून झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज इतका बारीक होता की, चालणाऱ्याला तो ऐकूच येऊ नये. चौघे बसलो, तेव्हा ऐकू आला.

खाली पोहोचावयास दुपार कलली. पचमढीत डॉक्टरांना दाखविले, इंदूरला आल्यावर वकिलाच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तपासले. औषधात थोडा बदल झाला, आणि आज त्याची प्रकृती उत्तम आहे. डॉक्टर आम्हांला म्हणाले की, थांबला हे फार चांगले केले. लाजेपोटी तसाच चढत राहिला असता तर आमची भेट कदाचित निराळ्या प्रसंगी झाली असती. हे ऐकताना इंजिनिअर आणि मी एकमेकांकडे पाहू शकलो नाही.

राष्ट्रीय उद्यानात किंवा कोणत्याही डोंगरात मित्रांसह जाणाऱ्यांना वनखाते पुष्कळ सूचना देते. पाणी बरोबर घ्या, कचरा टाकू नका, वन्य प्राण्यांना खाऊ घालू नका, अंधारापूर्वी परता. सगळ्या योग्य आहेत, आणि सगळ्या पाळाव्यात. त्यांत माझी एक जोडतो. निघतानाच, अगदी पायथ्याशी, आपल्यापैकी सर्वांत हळू कोण चालणार हे मोकळेपणाने ठरवा आणि त्याला पुढे घाला. तो ज्येष्ठ असेल, आजारातून उठलेला असेल, लहान मूल असेल, किंवा ज्याला डोंगराची सवय नाही असा कोणी असेल. त्याची चाल ती सर्वांची चाल. माथा गाठला तर आनंदच आहे. न गाठला तरी चौघे निघालेले चौघे परत येतील. आणि पायाखालची वाट पाहावयास मिळेल ती वेगळीच.

ही रीत डोंगरापुरतीच आहे, असे मात्र मला आता वाटत नाही. घरात, धंद्यात, मित्रमंडळीत आपण कितीदा वळणावर उभे राहून हात हालवितो, आणि आपण थांबलो होतो असे समाधान मानतो! मागच्याला विसावा मिळाला की नाही, हे कोणी पाहावयाचे?

वकिलाने नवा कागद केला आहे. पहिले कलम असे: 'चढताना मी पुढे राहीन.' डॉक्टरांनी पुन्हा तपासून होकार दिला, तर येत्या माघात आम्ही चौरागडाला जाणार आहोत. वरच्या किती पायऱ्या राहिल्या होत्या, ते आम्ही मोजलेले नाही. मोजण्याची घाईही नाही. तोपर्यंत आमचा नारळ तेथे पोहोचलेला आहे. ती म्हातारी कोणाच्याही पुढे न धावता, सर्वांच्या आधी माथ्यावर गेली असेल, आणि आमची चार नावे तिने महादेवाला एकत्रच सांगितली असतील, याविषयी मला शंका नाही.